चौघी पाठमोऱ्या

आमच्या गिरिजाबाईंना कुणी काही समजवायला जाऊ नये. मी सदतीस वर्षं जातोय आणि हात हलवत परत येतोय.

ती सांगलीची, जिल्ह्याकडून खो-खो खेळलेली. त्याच खेळावर तिला बँकेत नोकरी लागली. लग्न झालं आणि माझे वडील जेवताना म्हणाले, "नोकरी मिळाली ना? मग आता सुनेनं हाफपँट घालून कशाला पळायचं?" मी मुकाट्यानं ताटात बघत आमटी ओरपली. मला आजही त्याची लाज वाटते.

माझ्या विमा कंपनीतल्या बदलीनं आम्ही जयपूरला आलो आणि मालवीय नगरचेच झालो. तीन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली. दुसऱ्याच आठवड्यात तिनं कॉलनीच्या मैदानात चुन्यानं पट्ट्या आखल्या, दोन खांब रोवले आणि पोरी गोळा केल्या.

यंदा ते मैदान एका कंपनीनं घेतलं. हिरवं टर्फ, जाळी, झगझगीत दिवे, तासावर बुकिंग! कंपनीचा चंदन नावाचा तरुण गोड बोलत घरी आला. म्हणाला, आता खो-खोही टीव्हीवर चालतो. उद्घाटनाला तुमच्या मुली खेळू देत, आम्ही शूटिंग करू. मग रोज संध्याकाळी एक तास टर्फ मुलींना फुकट. बाई हो म्हणाल्या. दुसरी जागा होती कुठे?

तालमीच्या दिवशी छातीवर कंपनीचं नाव छापलेले टी-शर्ट आले. आठ जणी ओळीत बसल्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, खेळात बसतात तशाच. चंदनने कॅमेऱ्यातून बघितलं.

"मॅडमजी, सगळ्यांना इकडेच तोंड करून बसवा ना. चौघींवरचं नाव दिसतच नाही."

"भैया, ये खो-खो है, ग्रुप फोटो नहीं."

"फक्त शूटिंगपुरतं."

"आणि पळणारी पलीकडून गेली तर धरणार कोण? तुम्ही?"

मी तिला बाजूला घेतलं. "अगं, पाच मिनिटांचा प्रश्न. मैदान जाईल!"

ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "तुम्ही ताटात बघा."

मैदान गेलंच. संघातली सगळ्यात चपळ पोरगी विभा, तिला तिच्या आईनं त्याच टर्फवर क्रिकेटच्या क्लासला घातलं. त्यात पुढे करिअर आहे म्हणे. तिच्यामागून आणखी एक गेली. त्या दिवशी गिरिजा जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र पदर खोचून पाण्याच्या टाकीमागच्या रिकाम्या जागेतले दगड वेचायला लागली. चार दिवस मीही वेचले, कंबरेचा पार भुगा झाला. पाचव्या दिवशी चुना पडला, खांब उभे राहिले, पोरी आल्या. पण दोघी कमी! पाठलागाला बाई स्वतः उभ्या राहिल्या.

"अहो, त्या चौकोनात बसा."

"मी? पासष्टीला?"

"टाकीच्या भिंतीकडे तोंड करून."

गुडघे करकरले, पण बसलो. मागे पोरी खिदळत होत्या. मग पावलं जवळ आली, पाठीवर सणसणीत थाप पडली आणि आमच्या घरानं सदतीस वर्षं दाबून ठेवलेला तो आवाज कानाशी कडाडला, "खो!"

मी उठलो आणि पळत सुटलो.