उंबऱ्याबाहेरची न्याहारी

लढाई संपून माझे मालक घरी आले, तेव्हा कृष्णाकाठच्या आमच्या गावाने हलगी वाजवत त्यांना वेशीतून आणले. पण ते माजघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले, ते बसलेच. अंगावर कुठे जखम नव्हती. ऊस तोडणीला आला तरी ते उंबरा ओलांडेनात. साधी हाक मारली तरी दचकत. मी रोज पहाटे गावच्या खंडोबाला जाऊन म्हणे, ‘देवा, माझा माणूस होता तसा परत दे.’ पुढे पुढे वाटू लागले, माझे म्हणणे देवाच्या कानावर जातच नसावे.

त्या माघात आमच्या रिकाम्या रानात आटपाडीकडच्या एका म्हाताऱ्या धनगराची मेंढरं बसली. त्याला भाकरी द्यायला गेले, तर एक मेंढी ओढ्याच्या पाण्याला बुजून उभी. म्हातारा तिला ओढत नव्हता. बाभळीचा पाला थोडा थोडा पुढे टाकत होता. ते बघता बघता मला रडूच फुटले. त्याने विचारले, तसे मी सगळे सांगून टाकले.

“मग वडू नगंस लेकी,” तो म्हणाला. “भ्यालेलं जितराब वडलं की आनखी मागं सरतंय. रोज उलिसं फुडं बलवायचं. बाकी मल्हारी बघतोय.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांची न्याहारी कोपऱ्यात न नेता माजघराच्या दाराशी ठेवली. सासूबाई चिडल्या, “आजारी मानसाला कशाला उठिवतीस गं?” ते बराच वेळ ताटाकडे बघत राहिले आणि उठले. काही दिवसांनी ताट सोप्यात आले, मग उंबऱ्याबाहेर. तिथे मात्र गाडी अडली. ताट तसेच परत येऊ लागले. एका सकाळी मला काय सुचले कोण जाणे, माझीही भाकरी घेऊन मी अंगणात त्यांच्या ताटाशेजारी बसले. नवऱ्याआधी जेवायला बसायची तेव्हा पद्धत नव्हती.

“आवं, या की. ऊन लय ग्वाड पडलंय,” मी म्हटले.

ते आले. उन्हाने डोळे किलकिले करत बसले, घास घेतला आणि म्हणाले, “ठेचा लय जाळ केलाईस गं.” आत सासूबाई हसत होत्या की रडत होत्या, कळेना.

सांगायला मी रानात धावले, तर मेंढरं पुढच्या गावाला निघून गेली होती. पुढच्या वर्षी आलेल्या धनगरांना विचारले; तो म्हातारा कुणालाच ठाऊक नव्हता.

त्या माघानंतरच्याच चैत्रात आम्ही दोघे मिळून खंडोबाला गेलो. मला काही मागायचे सुचलेच नाही. त्यांनी मूठभर भंडारा माझ्या कपाळाला असा फासला की मी डोळ्यांपर्यंत पिवळी झाले, आणि ते मोठ्याने हसले. देव आपल्या पावलांनी येतो, त्याला घाई करू नये, एवढे मला त्या हसण्यात उमगले. आजही हात जोडले की आधी त्या म्हाताऱ्याला नमस्कार जातो.