बोरसेबाईंचा तक्ता

बुधवार होता. सातवीच्या मुलींना लोहाच्या गोळ्या देत, "गिळली का? तोंड उघड," असं मी एकेकीला म्हणत होते. तेवढ्यात शिपाईमामा वर्गाच्या दाराशी आले आणि म्हणाले, "बोरसेबाई गेल्या. सकाळी चहा घेता घेता..." माझ्या हातात डबा तसाच होता. उरलेल्या मुलींना मी आधी गोळ्या दिल्या, मग खुर्चीत बसले. बाईंनीही हेच केलं असतं, अशी मी मनाची समजूत घातली. खरं तर मला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

सुरतेतल्या आमच्या मराठी शाळेत आरोग्याचं सगळं काम बाईंकडे. जंताच्या गोळ्या, वजन-उंची, हात धुण्याचे धडे, दातांची तपासणी. वरून पत्र आलं की ते बाईंच्या टेबलावर. फोटो पाठवा, माहिती पाठवा, आजच पाठवा. मी वैतागून म्हणायचे, एक ना धड भाराभर चिंध्या. बाई धुळ्याकडच्या, मी वाशीमची. त्या म्हणायच्या, "तुम्ही वऱ्हाडातली माणसं तिखट खाता आणि लवकर थकता." थकत त्याही होत्याच. मधल्या सुट्टीत चपला काढून सुजलेले पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवायच्या आणि डोळे मिटून बसायच्या. कुणी हाक मारली की पाय खाली.

डॉक्टरांचं पथक वर्षातून एकदा यायचं आणि एका सकाळीत सगळी शाळा उरकून जायचं. म्हणून डोळे त्याआधी आम्हीच तपासायचे. अक्षरांचा तक्ता लावायचा, मुलाला खडूच्या रेघेवर उभं करायचं, वाचता आलं नाही तर नाव लिहून घ्यायचं. मग चष्मा फुकट मिळतो. मुलं तपासणीला बिचकतात म्हणून बाईंनी तो तक्ता वर्षभर फळ्याशेजारी टांगून ठेवला होता. नजरेला सवय व्हावी, एवढाच भाबडा हेतू. येता-जाता मुलं अगदी जवळ जाऊन तो वाचायची. सहावीत माझ्या वर्गात कोमल होती. फळ्यावरचं तिला उतरवून घेता यायचं नाही, शब्द अर्धे, ओळी गाळलेल्या. मी तिला आळशी म्हणायचे, सगळ्यांसमोर. डोळ्यांच्या तपासणीत मात्र ती दर वर्षी खालच्या बारीक ओळीपर्यंत खणखणीत वाचायची आणि बाई शाबास म्हणायच्या. त्या वर्षी रंगकामात तक्ता फाटला. नवा आला, त्यावरची अक्षरं वेगळी होती. कोमल रेघेवर उभी राहिली आणि जुना तक्ता पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत म्हणून मोकळी झाली. मुलं हसली. बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि दोघींच्या घरच्या अहिराणीत बोलू लागल्या.

"बेटा, तुले दिसत नही का?"

"नही, बाई. पाठ शे."

"मंग सांगं का नही?"

"ह्या एकच परीक्षामा माले शाबास भेटस."

बाईंनी तिचं नाव यादीत लिहिलं. चष्मा यायला दोन महिने लागले. तोवर कोमलचे वडील ज्या लूमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, कामाला होते ते बंद पडलं, खोली सुटली आणि माणसं सुरतेबाहेर कडोदऱ्याकडे गेली म्हणून कळलं. फोन लागेना. बाईंनी चष्मा पर्समध्ये टाकला आणि रविवारी रिक्षाने कडोदऱ्याला जायला लागल्या. दोनदा मीही गेले. खोल्यांच्या रांगांतून विचारत फिरायचं, लूमच्या खडखडाटात आपलाच आवाज ऐकू यायचा नाही. तिसऱ्यांदा मी हात टेकले. म्हटलं, "बाई, सोडा आता. योजना सरकारची आहे, चष्माही सरकारचा."

बाई म्हणाल्या, "हो. तक्ता माझा होता."

मला त्यांनी एका शब्दानंही बोल लावला नाही. लावायला हवा होता. वर्षभर ती माझ्या समोर बसत होती...

बाईंच्या पश्चात आरोग्याचं काम माझ्याकडे आलं. परवा कपाट उघडलं. तक्ता गुंडाळून जुन्या ओढणीत बांधलेला होता. त्या प्रसंगानंतर तपासणीच्या दिवसाखेरीज बाईंनी तो कधी बाहेर काढला नाही. गाठ सोडली तर आतून चष्म्याची डबी पडली. डबीत चष्मा आणि घडी घातलेला कागद. कागदावर बाईंच्या ठसठशीत अक्षरात पत्ते होते, कडोदरा, चलथाण, पुन्हा कडोदरा, आणि प्रत्येकावर एक सरळ काट. म्हणजे मी थांबल्यावरही त्या जातच होत्या, मला न सांगता.

तीन वर्षं झाली. मुलगी मोठी झाली असेल, नंबर बदलला असेल, ही इवली फ्रेम तिच्या कानांपर्यंत पोचायचीही नाही. हे बाईंना कळत नव्हतं असं थोडंच आहे!

कागदावरचा शेवटचा पत्ता सुरतेजवळच्या सचिन गावातला आहे. त्याच्यावर काट नाही. हा रविवार मला झोपून काढायचा होता, अंग अगदी मोडून आलंय... डबी मी पर्समध्ये ठेवली आहे. कोमल भेटली तर चष्म्याआधी तिला सांगायचं आहे, की आळशी मी होते.