आईचा रोजचा अध्याय

भरे नावाच्या गावात आम्ही राहायला आलो तेव्हा आमचं सगळं घर एका टेम्पोत मावलं, आणि तरी टेम्पो अर्धा रिकामाच होता. वडील नगरकडून कामाच्या शोधात आलेले. पिरंगुटजवळच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागले, पण ठेकेदार सहा-सात महिन्यांनी ब्रेक द्यायचा, म्हणजे महिनाभर कामावरून कमी करायचा, आणि ब्रेकच्या महिन्यात आमच्याकडे दोन्ही वेळा पेजच असायची. राहायला पत्र्याची एक खोली. आई खोलीच्या मालकिणीच्या खाचरात भात लावायची आणि शनिवार-रविवार कासार आंबोलीतल्या बंगल्यांत भांडी घासायची.

आईनं लग्नात माहेरून आणलेलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून तांदळाच्या डब्यावर ठेवलेलं असायचं. वडिलांना सहीपुरती अक्षरं येत, आईला तीही नाही. बंगले सुट्टीच्या पाहुण्यांनी शनिवार-रविवारीच भरायचे, त्यामुळे चर्चमध्ये उपासनेला जाणं तिला वर्षातून दोन-चार वेळाच जमे. म्हणजे देवाचं वचन तिच्या कानावर पडायचं तर वाट एकच होती, ती मी. मी तिसरीत गेले, जोडाक्षरं वाचायला लागले, आणि आईनं पिशवीची गाठ सोडली.

सकाळी सहाला चूल पेटायची. ती भाकऱ्या थापायची आणि मी उंबऱ्यात उजेडाला बसून अध्याय वाचायचे. आवडलं तर ती म्हणायची, परत वाच. टोचलं तर तीनदा वाचायला लावायची.

एकदा कोंबडीची अंडी कमी भरली म्हणून मालकिणीनं आमच्या दाराकडं बघत चार शब्द टाकले. आईनं तिच्याशी बोलणं सोडलं. दुसरी खोली बघा म्हणून वडिलांच्या मागे लागली. आठ दिवस असे गेले आणि मग वाचनात क्षमा करण्याचा भाग आला. आईनं तो तीनदा वाचायला लावला. तव्यावरची भाकरी करपली. मग तिनं दुसरी भाजली आणि ती गरम भाकरी घेऊन मालकिणीच्या ओट्यावर जाऊन बसली. अंडी कुणी नेली ते अजून कळलेलं नाही. खोली मात्र आम्ही सोडली नाही.

मालकीण दर श्रावणात पोथी लावायची. सात दिवसांत पारायण पुरं, मग जेवण. आमचं वाचन तिला रोज ऐकू जायचं. एका सकाळी ती दारात थांबली.

“तुमचं पारायण कवा संपायचं गं? वरीस झालं ऐकतीय.”

“आमचं न्हाई संपत, आक्का. रोजचंच हाय.”

“म्हंजी उद्यापनच न्हाई? मंग आमाला जेवायला कवा घालणार?”

दोघी हसल्या. मी मात्र मनात म्हटलं, सात दिवसांत संपणारी रीतच बरी.

बारावीनंतर मी पुण्यात कॉमर्सला प्रवेश घेतला. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी मिरवूनच सांगते. मात्र पहाटेची बस धरायची म्हणून सकाळचं वाचन बंद पडलं. सुट्टीत वाचू, असं आईला सांगितलं. सुट्टी आली की झोपून काढली.

पहिल्या वर्षाची परीक्षा जवळ आली तसा मला घाम फुटला, आणि मी चक्क पारायण मांडलं. सात दिवस उपास, रोजची पानं ठरलेली, शास्त्रातलं सगळं शुभवर्तमान संपवायचं आणि देवानं मला पास करायचं. ख्रिस्ती घरातली मुलगी मी, पण वाढले पोथीच्या शेजारी. मालकिणीची पोथी श्रद्धेची होती. माझा नुसता सौदा होता. त्यात मी वाचलंही मनातल्या मनात. आई शेजारी बसून होती, तिला एक शब्द ऐकू गेला नाही. मी पास झाले आणि पुस्तक पिशवीत गेलं.

दुसऱ्या वर्षी तेच केलं आणि दोन विषय राहिले. निकाल घेऊन घरी आले तेव्हा आई सुपात तांदूळ पाखडत होती. मी तिच्यावरच भडकले. सात दिवस उपाशी राहून वाचलं, काय मिळालं, असं विचारलं. तिनं सूप खाली ठेवलं.

“तुला पास व्हायचं व्हतं म्हणून तू वाचलंस. मला ऐकायचं व्हतं. दोन वर्सं झाली, बाये. मी उपाशी हाय.”

तिनं तांदूळ डब्यात भरला आणि पिशवी माझ्या पुढ्यात ठेवली.

त्या दिवसापासून बसमधून उतरले की आधी अध्याय, मग चहा. राहिलेले विषय सुटले ते अभ्यास केला म्हणून. त्याचं श्रेय मी वाचनाला देत नाही. वाचनानं वेगळंच केलं, आणि सावकाश केलं. कॉलेजात मी सांगत आले होते की आई घरीच असते. पुढच्या वर्षी वर्गातल्या मुलींनी कासार आंबोलीतल्या बंगल्यावर सहलीचं ठरवलं, तेव्हा माझ्या तोंडून सरळ निघून गेलं की तिथली भांडी माझी आई घासते. लाज वाटली नाही. चर्चचे पाळकसाहेब याला आत्मिक वाढ म्हणतात. मला तो शब्द फार मोठा वाटतो. खाचरात एकदा पाणी भरून भागत नाही, रोज बांधावरून फिरावं लागतं, एवढंच मला कळतं.

शेवटच्या वर्षाला असतानाच हिंजवडीत नोकरीची बोलणी झाली. पाळ्यांचं काम, तिकडंच राहायचं. म्हणजे आई परत उपाशी. मी पाटी आणली आणि तिला अक्षरं शिकवायला बसले. पण अर्धं शास्त्र तिला ऐकून पाठ होतं. ती वाचायचीच नाही, नुसती म्हणायची. बोट दोन ओळी मागे आणि तोंड पुढे. शेवटी मी वंशावळीची पानं काढली, जिथं नावांपुढं नावंच आहेत. एक एक अक्षर लावत ती पाचव्या नावापर्यंत आली आणि थांबली.

“हे तू मला कधी वाचून दाखवलंच न्हाईस.”

“कंटाळा यायचा, आई.”

“व्हय का? आजून काय काय गाळलंस?”

मी सगळं खरं सांगितलं. तिनं पुढचं नाव लावायला घेतलं.

तिला नीट वाचता यायला दोन वर्षं लागली. तेवढ्यात मी बी.कॉम. झाले, नोकरीला लागले, आणि सुट्टीला घरी आले की पुढचा धडा घ्यायचे. आई आता रोज सकाळी चष्मा लावून एक अध्याय मोठ्यानं वाचते. स्वतः वाचते.