मी बेटांवर, ही बनशंकरीत

एकट्याने हाँगकाँगला जायला बायकोने पहिल्याच झटक्यात हो म्हटलं, तेव्हाच मी तिकीट रद्द करायला हवं होतं.

माझी तयारी भांडणाची होती. निवृत्त झाल्यावर मला पक्षी बघायचं वेड लागलं. बंगळुरातली तळी पालथी घालून झाली, तेव्हा हाँगकाँगजवळची छोटी बेटं आणि तिथलं पाणथळ उद्यान बघावं असं मनात आलं, आणि तेही एकट्याने. आजवरचा आमचा सगळा प्रवास ग्रुप टूरचा, म्हणजे छत्री उंच धरलेल्या माणसाच्या मागे मुकाट चालायचं. वसुधा (म्हणजे आमची ही) विचारणार, एकटेच का, या वयात का, आणि चिखलच बघायचा तर आपल्या गल्लीतला काय वाईट आहे. मी उत्तरं पाठ करून बसलो होतो. ती नुसतं म्हणाली, "जा की. चांगले आठवडाभर जा."

माझी सगळी नोकरी एका सरकारी कारखान्यात, दर्जा तपासणीत गेली. संशय घ्यायचा मला पगार मिळायचा! जो भाग पहिल्याच तपासणीत निर्दोष निघेल तो पुन्हा मोजायचा, हा आमच्या खात्याचा रिवाज. इथे तर अख्खी बायको निर्दोष निघाली होती. माझी बॅग तिनेच भरली, तीही गुणगुणत. आत मेतकूट नाही, दशम्या नाहीत, चिवड्याचा डबा नाही. म्हैसूरला जातानासुद्धा दोन वेळचं बांधून घेणारी ही बाई मला म्हणाली, तिकडे मिळेल ते खा. आमचा निखिल व्हाइटफील्डला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. तो विमानतळावर सोडायला आला, तेव्हा मी त्याला खोदून खोदून विचारलं. "बाबा, चिल," तो म्हणाला. दोघं सामील आहेत हे मी तिथेच ताडलं.

बेटं सुंदर होती, असं माझ्या फोनमधले फोटो सांगतात. मी स्वतः त्यांच्याकडे फारसं बघितलं नाही. फेरीबोटीत चढलो की मी घरी फोन लावायचो आणि उतरेपर्यंत विचार करत बसायचो. कारण पहिल्याच फोनवर वसुधाने "जेवलात का?" हे विचारलं नाही. लग्न झाल्यापासून आमचं एकही संभाषण या प्रश्नाशिवाय सुरू झालेलं नाही. मी हॉस्पिटलात सलाइन लावून पडलो होतो, तेव्हाही तिने आधी हेच विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कुकरची वेळ साधून व्हिडिओ कॉल केला. कुकरचा पत्ता नव्हता. उलट मागे टेबलावर विकतच्या बिसीबेळे भाताचा डबा उघडा पडला होता. आमच्या घरात बाहेरून जेवण मागवतात ते फक्त कुणी गेलं तर. मी विचारलं, कोण गेलं, की कोण आलंय? ती म्हणाली, कोणी नाही, आणि फोनच ठेवून दिला.

समोरच्या फ्लॅटमध्ये जयक्का राहतात. कन्नड बाई, आमचा जुना शेजार, आणि त्यांच्या दाराच्या भोकातून आमचं दार थेट दिसतं. माझ्या कामगिरीला याहून योग्य माणूस मिळाला नसता. मी त्यांना फोन करून नुसतं लक्ष ठेवा म्हटलं, कारण सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांचा अहवाल आला. "सर, स्वल्प वेगळं वाटतं. दार दिवसभर बंद. आणि आतून हसण्याचा आवाज येतो."

हसण्याचा! माझ्यासमोर वसुधा शेवटची खळखळून कधी हसली होती, ते मला आठवेना. घरात माझा उपयोग तरी काय, हेही आठवेना. आणि खरं सांगायचं तर भीती तीच होती. दुसरं कोणी असतं तर त्याला निदान जाब विचारता आला असता.

पाणथळ उद्यानात तर कहर झाला. ज्याच्यासाठी मी एवढा समुद्र ओलांडून आलो होतो, तो काळ्या तोंडाचा चमचा पक्षी अगदी समोरच्या चिखलात उतरला. निरीक्षण कक्षातली सगळी मंडळी श्वास रोखून बघत होती. मी त्यांच्याकडे पाठ करून विमानाचं तिकीट बदलत होतो.

दोन दिवस आधीच, भर दुपारी मी बंगळुरात, बनशंकरीतल्या घरी पोचलो. जयक्कांचं दार किलकिलं झालं. मी ओठांवर बोट ठेवलं आणि आमच्या दाराला हळूच किल्ली लावली. आत हॉलमध्ये जमिनीवर गादी टाकलेली. वसुधा गाउनमध्ये, केसांना तेल चोपडून, पाय माझ्या आरामखुर्चीवर ठेवून, टीव्हीवर काहीतरी बघत एकटीच हसत होती. मी बूटही न काढता स्वयंपाकघर, दोन्ही खोल्या, बाल्कनी आणि बाथरूमचं दार, सगळं तपासलं. (दिवाणाखालीही बघितलं. गुडघ्याने आवाज केला.) तिने खुर्चीवरचे पायही काढले नाहीत.

"झाली तपासणी?" तिने विचारलं. "या घरात मी आजवर एक दिवस एकटी राहिलेली नाही. आधी सासूबाई, मग निखिल, मग निवृत्त झालेले तुम्ही. तुम्ही बेटावर गेलात, तशी मी इथे सहलीला आले होते. कुकर नाही, चहा नाही, कोणी हाक मारत नाही. माझे अजून दोन दिवस बाकी आहेत."

मी हळूच विचारलं, "मग मी काय करू?"

"तुम्ही तर परवा येणार होतात ना? परवा या."

बॅग अजून दारातच होती, ती उचलली. निखिलकडे जावं तर त्याला सगळं सांगावं लागलं असतं, म्हणून मी रिक्षा करून जयनगरातलं एक लॉज गाठलं. काउंटरवरच्या माणसाने माझं आधार कार्ड उलटंपालटं केलं. पत्ता बनशंकरीचा, बॅगेवर हाँगकाँगचा टॅग, माणूस एकटा आणि घामाघूम! लोकल आयडीवर खोली देत नाही, तो म्हणाला. मी विनवणी केली. त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत निरखलं आणि घरचा नंबर मागितला. आयुष्यात पहिल्यांदा माझीच तपासणी चालली होती.

त्याने स्पीकरवर फोन लावला आणि कन्नडमध्ये विचारलं, "मॅडम, इथे एक जण आलेत, तुमचे मिस्टर आहेत म्हणतात. खरं का?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग वसुधा त्याला कन्नडमध्येच म्हणाली, "हो, माझेच आहेत. परवा सकाळपर्यंत ठेवून घ्या."

त्या माणसाने मला काहीही न विचारता खोलीची किल्ली दिली. भाड्यात सूटही दिली.