शेंदराखालचा पाना

माझ्याकडे जुन्या शेती-अवजारांचे एकोणचाळीस पाने आहेत. लोखंडी नांगर, कडबा-कुट्टी, पाण्याचं इंजिन घेतलं की सोबत नट आवळायला मिळायचे, ते. पाना कुठल्या कारखान्यात ओतला, हे त्यावरच्या अक्षरांवरून शोधणं हा माझा विषय. यात जिल्ह्यात माझा हात धरणारा कोणी नाही, कारण दुसरं कोणी या भानगडीत पडलेलंच नाही. पाहुणे हलत नसले की बायकोच म्हणते, "अहो, तुमचे पाने दाखवा ना यांना."

पिंपळगाव राजा या गावी राहणाऱ्या माझ्या मावशीकडचा पाना मात्र वाचता येत नव्हता. तिच्या सासऱ्यांचा लोखंडी नांगर भंगारात गेला आणि पाना देव्हाऱ्यात बसला. दर खंडेनवमीला तेलात कालवलेला शेंदूर लागून लागून त्यावर बोटभर थर चढलेला. खालची अक्षरं विलायतीच असणार, असं मी नातेवाइकांत छातीठोकपणे सांगून बसलो होतो. म्हणून तीन वर्षं मावशीच्या मागे लागलो होतो, जरासं खरवडू दे.

"देवाले खरवडतं का कोणी? उद्या मारुतीले खरवडशीन!"

परवाच्या खंडेनवमीला देव्हारा पुसताना तिनं पाना माझ्या हातात दिला. "नुसता धर. नख लावू नको."

नख नाही लावलं. उजेडात धरायला गेलो आणि तेलकट बोटांतून पाना फरशीवर पडला. शेंदराचं कवच एका बाजूनं अख्खं सुटून आलं.

मावशीनं पाना उचलून कपाळाला लावला, पदरात गुंडाळला.

"देवानं कवच टाकलं," ती म्हणाली. "टाकायचं असंन तवा टाकते तो. पण तुह्याच हातानं काऊन टाकलं, हे मले समजून नाही राह्यलं."

कवच विहिरीत सोडायचं असतं. त्याआधी मी ते उलटवून पाहिलं. आतून अक्षरं उमटली होती, पण उलटी. स्वयंपाकघरात पुऱ्यांची कणीक मळून ठेवलेली होती. त्यातला एक गोळा आणून कवचावर दाबला नि उचलला. कारखान्याचं नाव झिजलेलं होतं, पण गाव स्वच्छ मराठीत उठलं: खामगाव.

माझी विलायत इतकी जवळ निघाली.

"मंग? आमचा देव का परदेशातून आणला होता?" मावशी हसली, आणि एकदम थांबली. खामगाव तिचं माहेर. तिनं पदरातून पाना काढला आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"म्हंजे मी या घरात यायच्या आंधीच माह्या माहेरचं कोणी इथं येऊन बसलेलं होतं. अन् इतकी वर्षं मले पत्ता नाही!"

कणकेच्या गोळ्याचा फोटो मी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, माझी चूकही लिहिली. एकानं विचारलं, पुरी कच्ची का?

मावशीनं मग वाटीत नवा शेंदूर कालवला. पान्याला चारी बाजूंनी लावला, फक्त अक्षरांची जागा कोरी ठेवली.