दिवे लागायच्या आत

बांबूच्या शेडमध्ये बसलं की हातापेक्षा तोंड जास्त चालतं. पोंभुर्ण्याच्या आमच्या गटात एकीनं किस्सा सांगितला की दुसरीच्या पोटात राहत नाही, ती दोन सांगते. टोपली एक अन् किस्से चार! त्यातही कोलकात्याचा विषय निघाला की संपलंच. त्या दिवशी टोपलीही होत नाही.

झालं असं, की तिथल्या प्रदर्शनात आमचा स्टॉल होता. प्रदर्शन चोवीस डिसेंबरला संपलं, गाडी सव्वीसची. मधला नाताळचा अख्खा दिवस मोकळा. आम्ही चौघी होतो: मी, रेखा, शोभा अन् सगळ्यांत मोठी सुमनबाई. पार्क स्ट्रीटची रोषणाई पाहण्यासारखी असते असं शेजारच्या स्टॉलवाल्यानं सांगितलं, तेव्हापासून रेखाच्या डोक्यात तेच.

सुमनबाई म्हणाली, "मी येते. पण दिवे लागायच्या आत मले खोलीवर आणून सोडा."

"रोषणाई तर अंधारातच दिसन ना वो!" रेखा बोलून गेली अन् तिनं जीभ चावली.

सुमनबाई नवऱ्याला 'अजी' म्हणायची. त्याला वाघानं नेलं ते दिवेलागणीलाच, शेतातून घरी येताना. तेव्हापासून अंधार पडल्यावर या बाईनं उंबरठा ओलांडलेला नव्हता. तिला एकटीला खोलीत ठेवून रोषणाई पाहणं आमच्यातल्या एकीलाही पटेना. मग ठरलं, उजेडात दिसेल तेवढं पाहायचं.

* * *

सकाळी पायीच निघालो. आता आम्ही जंगलातल्या बाया. एकीमागं एक चालायची सवय, अन् शेवटचीनं मागं पाहत राहायचं. कोलकात्याच्या एवढ्या रुंद फुटपाथवरही आमची आगगाडीच! शेवटी रेखा.

मोठ्या चर्चजवळ पोहोचतो तोच रेखा हळूच म्हणते, "अवो, मागं पाहा." पाहतो तर काय, आमच्या मागं पंचवीस-तीस माणसं! नवे कपडे घातलेले, लेकरं कडेवर. आम्ही थांबलो, तेही थांबले.

एका बाईनं हिंदीत विचारलं, "दीदी, ये लाइन अंदर जाने की है ना?"

रेखा म्हणाली, "नाई बाई, आमी पाणी प्यायले चाल्लो!"

* * *

चर्चच्या आत गेलो अन् चौघींची तोंडं बंद. केवढं उंच छत! खिडक्यांच्या रंगीत काचांतून ऊन खाली येत होतं, शोभाच्या पांढऱ्या पदरावर निळं-लाल पडलं होतं. ती पदर झटकायलाही तयार नाही. मला तर आपोआप हात जोडावेसे वाटले. आमच्या घरी बुद्धवंदना होते, पण शांत जागा ती शांत जागा.

बाहेर गोठ्याचा देखावा होता. गाय, मेंढरं अन् तणसावर, म्हणजे भाताच्या पेंढ्यावर, ठेवलेलं बाळ. सुमनबाई तिथून हलेना.

"माय वो, हे बी तणसावरच जन्मलं? माहा पोरगा असाच झाला, धान चुरायच्या दिवसांत."

मग तिनं इकडंतिकडं पाहून तिथल्या रखवालदाराला सांगितलं, "भाऊ, थंडी आहे. रात्री काही तरी पांघरून देजा त्याले."

त्याला मराठी काय कळणार! पण मान मात्र त्यानं अगदी मनापासून हलवली.

* * *

फाटकाशी सांताक्लॉज उभा होता. लेकरं चॉकलेट घेत होती. रेखाच्या माहेरी कोरपन्याकडं कापसाची शेती. ही सरळ गेली अन् त्याची दाढी चिमटीत धरून ओढून पाहिली.

"कापूस चांगला आहे हो. कोणाच्या इथचा?"

सांता दोन्ही हातांनी दाढी धरून मागं सरकला. लेकरांच्या आधी आम्हा चौघींना चॉकलेट मिळालं!

* * *

तिथून गंगा पाहायला गेलो. नदी कसली, पाण्याचं मैदानच. वैनगंगेला पूर आल्यावर जेवढी दिसते, त्याहून मोठी अन् तीही हिवाळ्यात! बसल्या बसल्या वेळ कसा गेला, कळलंच नाही.

परत जायचा रस्ता विचारायचं काम शोभाचं. तिच्या गावाजवळ बंगाल्यांची वस्ती, त्यांच्याकडून मासोळी घेता घेता ती बंगाली शिकली. म्हणजे भाव करण्यापुरती. आमची खोली पार्क स्ट्रीटच्या पलीकडं. शोभानं एका धोतरवाल्या म्हाताऱ्या बाबूंना गाठलं.

"पार्क स्ट्रीट कोतो कोरे?"

म्हणजे, पार्क स्ट्रीट कशी किलो! बाबू क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, "आज तो फ्री है दीदी. मैदान पार करके सीधा जाइए."

* * *

घड्याळात पाचही वाजले नव्हते. आपल्याकडं त्या वेळेला बायका शेतातून निघतात, चांगला उजेड असतो. आम्ही त्याच हिशोबानं निवांत मैदानात शिरलो. पण तो मुलूख पूर्वेचा! सूर्य आपल्या आधी निघतो अन् आपल्या आधी जातो, हे कोणाच्या डोक्यात आलं? मैदान अर्धं झालं नसेल अन् अंधार पडला.

सुमनबाई जागच्या जागी थांबली. माझा हात धरला तो असा, की बांगडी रुतली.

"मले नाई चालवत," ती म्हणाली. "तुमी जा."

"सुमनबाई, इथी वाघ नाई वो," मी म्हटलं. वाघ नाही हे तिलाही माहीत होतं. पाय ऐकत नव्हते.

तेव्हा रेखानं पिशवीतून स्टीलचा डबा काढला अन् चमच्यानं बडवायला लागली. रानात अंधार पडला की आमच्याकडं असंच करतात. "हो! हो! हो!" शोभा ओरडली. मीही ओरडले. लाज गेली चुलीत!

फिरायला आलेली माणसं गोळा झाली. लाल टोप्या घातलेली लेकरं पिपाण्या घेऊन आली. एका माणसानं विचारलं, "क्या हुआ?"

शोभा म्हणाली, "बाघ!"

त्यानं त्या मोकळ्या मैदानाकडं पाहिलं, मग सुमनबाईच्या तोंडाकडं. हसला नाही. लेकराच्या हातातली पिपाणी घेतली अन् स्वतःच वाजवायला लागला. मग सगळेच वाजवत सुटले. त्या गोंगाटात सुमनबाईनं एक पाय उचलला, मग दुसरा. असं करत करत आम्ही मैदान पार केलं अन् रस्ता ओलांडला.

पार्क स्ट्रीट! वर पाहावं तर सगळं आभाळ दिव्यांचं. झाडं दिव्यांची, भिंती दिव्यांच्या. डबा बडवणारा रेखाचा हात तसाच वर राहिला. मला तर रडूच आलं.

सुमनबाईनं माझा हात सोडला. त्या उजेडात ती वळली, मागच्या काळ्या मैदानाकडं तोंड केलं अन् मोठ्यानं हाक मारली,

"अजी! इकडून या. इकडून उजेड आहे!"