मी फेकलेल्या सुया

धुळ्याकडचं गाव सोडून आम्ही जळगावात आलो तेव्हा मेहरूणला पत्र्याची एक खोली मिळाली. वडील अंथरुणाला खिळलेले. आई डाळ मिलमध्ये डाळ निवडायची. थोरल्या भावाने नववीतच शाळा सोडली आणि चटईच्या कारखान्यात लागला. त्याच्या कमाईवर मी बी.ए. झाले, आमच्या घरात पहिली. हे मी ताठ मानेनं सांगते. पुढचं सांगताना मान खाली जाते.

डबल पाळी ओढायला भाऊ आधी गोळ्या खायचा. मग इंजेक्शन आलं, काम गेलं. वस्तीत नशा करणाऱ्यांसाठी एक केंद्र होतं. तिथल्या ताई वापरलेल्या सुया परत घेऊन बंद पाकिटातल्या नव्या द्यायच्या. मी एकदा तोंडावर म्हटलं, "तुम्हीच नशेला हातभार लावताय."

"नशा आज सुटत नाही. तोवर माणूस तरी टिकू दे," त्या म्हणाल्या.

भाऊ हसला. "बी.ए. शे ती, ताई. तिले बठ्ठं समजस."

मग पाचोऱ्याची माणसं मला बघायला यायची ठरली. आई म्हणाली, "त्याले मावशीकडे नशिराबादले धाडी दे." भाऊ निमूट गेला. पिठाच्या डब्यामागे त्याची पाकिटं राहिली होती. मी ती कागदात गुंडाळून घंटागाडीत टाकली. सुया नसल्या की नशा सुटेल, असं स्वतःला समजावलं. खरं तर पाहुण्यांची भीती होती. त्यांना मी सांगितलं, भाऊ सुरतला असतो.

संध्याकाळी तो परतला. डब्यामागे चाचपलं, माझ्याकडे पाहिलं.

"फेकल्या. आता तरी सोड ना, भाऊ."

तो बाहेर पडला. त्या दिवशी त्याने मित्राची सुई वापरली. चौथ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला. ताईंनी आम्हाला सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत त्यांनी विचारलं, "पाकिटं दिली होती ना? कुठं गेली?"

"रस्तामा पडी ग्यात, ताई," भाऊ म्हणाला.

मी शेजारीच बसले होते.

डॉक्टरांनी पू काढला. पण दुसऱ्याच्या सुईतून काय आलं असेल ते लगेच कळणार नव्हतं, काही महिन्यांनी रक्त पुन्हा तपासावं लागणार होतं. मग मात्र मी केंद्रात एकटी गेले आणि ताईंना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. एवढंच म्हणाल्या, "तपासणीला त्याला तूच घेऊन यायचं."

तोपर्यंत त्याच्या वापरलेल्या सुया डब्यात घालून मीच केंद्रात पोचवल्या, नव्या आणल्या. ओळखीच्या बायका बघायच्या. पाचोऱ्याहून काही निरोप आला नाही.

भावाचा हात वाचला. रक्त दोन्ही वेळा चांगलं निघालं. आता तो रोज केंद्रात जाऊन जिभेखाली नशेची तलफ थांबवणाऱ्या औषधाची गोळी घेतो आणि कारखान्यात एक पाळी करतो. वर्ष झालं, त्याने सुई घेतलेली नाही.